सिस्टरबाईंचा शनिवार

घराबाहेर पडताना सिस्टरबाई पुढच्या बुटक्या भिंतीवर एक पाय ठेवायच्या, बुटाची नाडी सोडून पुन्हा करकचून बांधायच्या, मग दुसरा पाय. तेवढं झालं की आमच्या खिडकीकडे बघून म्हणायच्या, "चला हो वैनी, पाय मोकळे करून येऊ. कोणी खातंय का आपल्याला?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाहेर धुकं असो, दवाखान्यात तपासणीला जायचं असो, नाहीतर नव्या दुकानात शिरायचं असो. कोणी खातंय का? तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याला बघून आपल्याला बरं वाटतं आणि धाकधूकही वाटते.

मला विचाराल तर खातंय. मी भित्रा माणूस आहे, आता या वयात ते लपवून काय करू? चौथी शिकलो, फौंड्रीत जन्म काढला. वितळलेल्या लोखंडाची भीती कधी वाटली नाही, पण अनोळखी बसस्टॉपची वाटते. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात कामावरून येताना चुकीच्या बसमध्ये चढलो. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरनं उतरवलं. सगळीकडे बर्फ, तोंडात इंग्रजीचा शब्द नाही, आणि घरं सगळी एका साच्यातून काढलेली. तिथंच बसून राहिलो. कोणीतरी पोलीस बोलावला. खिशात भावाचा पत्ता होता म्हणून घरी पोचलो. तेव्हापासून पोटात जो गोळा आहे तो आहेच. मी रिटायर झालो, तो झाला नाही.

सिस्टरबाई शेजारी राहायला आल्या तेव्हा आम्ही त्यांना गुजराथी समजलो. आमची मंडळी एकदा मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरीवर बसलेल्या कबुतराला शिव्या घालत होती. कुंपणापलीकडून आवाज आला, "अहो जरा बेतानं. त्याला मराठी कळत असेल तर?"

ही घाबरून आत पळाली. मग दोघी इतक्या हसल्या की मी न्याहारी टाकून बाहेर आलो.

त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू लोक असतात, त्यातल्या. मुंबईच्या, आजोळ अलिबागकडचं. नर्स होऊन इकडे आल्या आणि वॉर्डाच्या सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "वेळ कुठं होता? रात्रपाळ्या होत्या." ही त्यांना वाटीभर कालवण द्यायला गेली की कुंपणावरूनच पहिला प्रश्न, "कोळंबी नाही ना? मला खवल्याचाच मासा चालतो हो." नारळाच्या दुधातला हलवा फार चांगला करायच्या. माणूस तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ.

त्यांचा एक नेम होता. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा लावायचा, आणि तेव्हापासून शनिवारचा दिवस मावळेपर्यंत गाडीत बसायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, फोन उचलायचा नाही. चालायचं मात्र, हवं तितकं. "वॉर्डात होते तोवर माझा शनिवार पेशंटला दिला," असं म्हणायच्या. "आता माझा मला परत घेतलाय."

आमच्या हिचाही शनिवारच. मारुतीचा उपवास, लग्नाच्या आधीपासूनचा. मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टर ओरडले, मी ओरडलो, लेक ओरडली. हिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि उपवास तसाच ठेवला. शेवटी सिस्टरबाईंनी तोड काढली. शनिवारी सकाळी साखर उतरवायची गोळी घ्यायची नाही, आणि दिवसभर थोडं थोडं खात राहायचं. उकडलेला बटाटा, केळं, दाणे. रुमालात बांधून दोघी पार्कात चालायला जायच्या. मारुती काही बोलला नाही, साखरही ताळ्यावर राहिली.

मी खिडकीतून त्या वळणापलीकडे जाईपर्यंत बघायचो. त्या परत येईपर्यंत चहा गोड लागत नसे.

आमची लेक कार्डिफला असते. जन्म इथला, मराठी बोलते पण तिचे शब्द कुठं पुरुष होतात, कुठं बाई. एक दिवस फोन आला, "बाबा, मी तुमचा क्रूझ बुक केली. साउथहॅम्प्टनवरून बोट निघतो. विमान नाही, चेंज नाही, काही नाही. आईला समुद्र बघायचं आहे ना? तू फक्त बस."

"परदेशात उतरावं लागेल का?" मी विचारलं.

"तुला उतरायचं नसेल तर नको उतरू. पण मी एक्सकर्शन पण केलाय बुक, सगळ्या पोर्टला. कोच येते, गाइड येते, परत आणून सोडते. ओके? वरी नको करू."

ही म्हणाली, "सिस्टरबाई येणार असतील तर मी येते." म्हणजे माझ्याबरोबर सहलीला जायला हिची अट शेजारीण! सिस्टरबाईंना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

"पण तुमचा शनिवार?" मी म्हटलं. "जहाज काय शनिवारी थांबणार आहे?"

"जहाज मी चालवत नाही, भाऊ. मी आपली शुक्रवारी त्यात बसलेली असणार. ते चाललं तर चालू दे."

जहाजावर पहिल्याच दिवशी थिएटरात एका माणसानं सगळ्यांना सूचना दिल्या. पडद्यावर एक फोटो दाखवला. धक्क्यावरून दोन माणसं पिशव्या घेऊन पळताहेत आणि जहाज सुटलेलं. लोक खदाखदा हसले. तो म्हणाला, आमच्या टूरची बस वाटेत बंद पडली तर जहाज थांबतं, पण आपले आपण गेलात आणि उशीर केलात तर थांबणार नाही. पुढचं बंदर तुमचं तुम्ही गाठायचं. मी हसलो नाही.

"ऐकलंत?" मी सिस्टरबाईंना म्हटलं.

"ऐकलं. वेळेवर यायचं, एवढंच म्हणाला ना तो? जन्मभर ड्यूटीला वेळेवर गेले मी."

"टूर घ्या हो. सगळं दाखवतात."

"काय दाखवतात? पुढच्या माणसाची मान आणि गाइडची छत्री. तुम्ही बघा ती. मी आपली जाते गेटातून चालत."

मला टूर आवडते. आजही सांगतो, आवडते. सकाळी थिएटरात बसायचं, शर्टावर नंबराचा गोल कागद चिकटवून घ्यायचा. तो कागद छातीवर असला की आपण कोणाचे तरी आहोत असं वाटतं. गाइड मोजते, बसमध्ये घालते, पुन्हा मोजते. आपल्याला कोणी मोजतंय यात केवढा आधार असतो, ते हरवलेल्या माणसालाच कळेल.

स्पेनच्या पाल्मा बंदरात आमची बस चर्चला वळसा घालून चालली होती. ही एकदम काचेला नाक लावून म्हणाली, "अहो, सिस्टरबाई!" खरंच, एका झाडाखाली बाकावर तिथल्या दोन म्हाताऱ्यांच्या मधे त्या बसल्या होत्या, तिघी संत्री सोलत होत्या, आणि तोंडं चालू. कुठल्या भाषेत देव जाणे. हिनं हात हलवला. त्यांनी बघायच्या आत बस वळली. गाइड उजवीकडचं काहीतरी दाखवत होती आणि ही मागेच बघत राहिली.

माल्टाला तेच. आम्ही छत्रीच्या मागे. सिस्टरबाई संध्याकाळी आल्या त्या कोणा बाईच्या घरचा पाव घेऊन. तिच्या नवऱ्याच्या पायाची जखम बघून तिला मलमपट्टी शिकवून आल्या होत्या.

ग्रीसचं कॉर्फू बेट आलं ते शनिवारी.

आदल्या दिवशी जेवताना ही म्हणाली, "उद्या मी बसनं येत नाही. सिस्टरबाईंबरोबर चालत जाते. त्यांचं जुनं देऊळ आहे म्हणे तिथं, गल्लीबोळात."

"आणि मी?"

"तुम्ही मठ बघून या. तिकीट आहे ना."

"हरवलीस म्हणजे?"

"अहो, सगळं आयुष्य तुमच्या शेजारच्या सीटवर बसून बघितलं," ही म्हणाली. "एक दिवस चालून बघते."

सिस्टरबाई बशीतल्या माशाचे काटे काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, आणून देईन परत. जशीच्या तशी."

सकाळी धक्क्यावर त्यांनी दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर पाय ठेवला, नाड्या आवळल्या. हिनंही आपले पांढरे बूट तसेच खुंटावर ठेवून नाड्या बांधल्या. हे नवीनच. मग दोघी निघाल्या. हिची साडी, वर माझा जुना स्वेटर. गेटापाशी ही वळली आणि ओरडली, "कोणी खात नाही हो!" धक्क्यावरचे दोन गोरे हसले.

माझ्याकडे हिच्या नंबराचाही कागद होता. फेकवेना. दोन्ही शर्टावर लावून घेतले. आता बघा, ती गाइड डोकी मोजायची आणि मग कागद मोजायची. दर थांब्याला हिशेब चुकायचा. "वन मिसिंग," ती म्हणायची. मी हात वर करून सांगायचो की मीच दोन आहे. लोक हसायचे. तिसऱ्यांदा ती "वन मिसिंग" म्हणाली तेव्हा मी हिचा कागद काढला आणि खिशात ठेवला. मठ कसा होता ते मला विचारू नका.

बस वेळेत परत आली. मी केबिनमध्ये गेलो. ही नव्हती. म्हटलं, वेळ आहे अजून. पाणी प्यायला टेबलाशी गेलो आणि थांबलो.

टेबलावर रुमाल होता. गाठ मारलेला. आत बटाटे, केळं, दाणे. सकाळी बांधून ठेवलेला ही विसरून गेली होती.

शेजारी गोळ्यांची डबी. लेकीनं आणलेली, वाराप्रमाणे कप्पे असलेली. शनिवारची गोळी रात्री उपवास सोडताना घ्यायची म्हणून त्याही कप्प्यात असायची. मी शनिवारचा कप्पा उघडला. रिकामा. जहाजावर रोजचं वेळापत्रक बदललं, सकाळी निघायची घाई, आणि हात सवयीनं गेला असणार. गोळी पोटात, उपवासही चालू, आणि खायचं सगळं इथं टेबलावर. बरोबर जी बाई आहे ती आज पैशाला हात लावत नाही. आमच्याकडचे पैसे नेहमीसारखे माझ्या खिशात. गाडीत ती बसत नाही. फोन एकच, तोही माझ्याकडे.

घरी एकदा असं झालं होतं. हिला घाम सुटला, डोळे भलतीकडेच लागले, मला ओळखेना. "तुम्ही कोण?" म्हणाली. तेव्हा मी साखर शोधायला धावलो होतो. आता इथं कुठं धावणार?

डेकवर आलो. खाली धक्का रिकामा होत चालला होता. टूरच्या बसेस एकेक करून आल्या. माणसं शिडीवरून वर आली, आइस्क्रीम खात, हसत. मी गेटाकडे बघत होतो. गेटातून पांढरा बूट दिसला की जीव वर यायचा, आणि तो भलत्याच बाईचा निघायचा.

मग लाउडस्पीकरवर नाव आलं. आमचं आडनाव असं मोडलं होतं की पहिल्यांदा मला कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं, आणि कान बंद झाले. विहिरीत पडल्यावर होतात तसे. लहानपणी पडलो होतो एकदा.

एक तरुण ऑफिसर बाई मला शोधत आली. गोड बोलली. म्हणाली, बरोबरच्या बाईंचा पासपोर्ट त्यांच्या केबिनमधून घेतलाय, तुमच्या मिसेसचा द्या. त्या वेळेत आल्या नाहीत तर आम्ही तो धक्क्यावर आमच्या माणसापाशी ठेवू, तो त्यांना मदत करेल.

पासपोर्ट इथं उतरणार, ही इथं राहणार, आणि मी पुढं जाणार. हे तिनं इतक्या मऊ आवाजात सांगितलं की मला तिला ओरडताही येईना.

"पासपोर्ट देत नाही," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "पासपोर्ट उतरणार तर मी पण उतरणार."

मी हिचा कोट घेतला, रुमाल घेतला, दोन पासपोर्ट घेतले आणि शिडी उतरलो. तुम्ही म्हणाल, भित्रा माणूस आणि एवढी हिंमत? हिंमत कसली! पुढं जायची भीती मागं राहायच्या भीतीपेक्षा मोठी झाली, इतकंच.

शिडीच्या तोंडाशी सिक्युरिटीचा एक माणूस असायचा, रत्नागिरीकडचा, चाळिशीचा. रोज "काय काका, जेवलात का?" विचारायचा. तो माझा दंड धरून म्हणाला, "काका, आत व्हा. दोर सोडायला घेतलेत."

"माझी बायको यायचीय."

"कुठं गेलीय?"

"चालायला."

त्यानं कपाळावर हात मारला. मग हळूच म्हणाला, "शिडी मी जरा सावकाश काढतो. पण काका, कप्तान काय माझा मेव्हणा नाही हां."

मी उतरून धक्क्यावर उभा राहिलो. ऊन होतं, आणि मला थंडी वाजत होती. ती पहिल्या हिवाळ्यातली थंडी, तीच. समोर गेटापर्यंत सिमेंटचा लांबच लांब रस्ता, त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मागं जहाज घरघरायला लागलं होतं. एवढं मोठं धूड, पण आवाज पायाखालून येत होता. मी रुमालाची गाठ घट्ट धरली होती. बटाट्याचा आत लगदा झाला.

मी रस्त्यावर दोन चालणाऱ्या बायका शोधत होतो, म्हणून तो टेम्पो मला आधी दिसलाच नाही. तीनचाकी, निळा, फळांच्या क्रेटनं भरलेला, भोंगा वाजवत आला तो थेट माझ्यापर्यंत. पुढं ड्रायव्हरशेजारी आमची ही. मान मागं टेकलेली, चेहरा पिठासारखा, ओठांना काहीतरी चिकट लागलेलं.

आणि मागं, उघड्यावर, क्रेटच्या मधे सिस्टरबाई. एका हातानं फळ्या धरलेल्या, केस सुटलेले. चेहरा असा की त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत शनिवारी मी त्यांना गाडीत बघितलं नव्हतं.

"बघत काय राहिलात?" त्या ओरडल्या. "उतरवा तिला! डोकं सांभाळा."

मी हिला धरलं. हिनं माझ्याकडे बघितलं. ओळखते की नाही?

"अहो," ही म्हणाली, "तुमच्या शर्टावर अजून तो कागद आहे."

मला रडूच कोसळलं. रत्नागिरीवाल्यानं एका बाजूनं हिला उचललं आणि आम्ही वर चढलो. माझ्या मागं शिडी खडखडत आत आली.

नंतर ऐकलं ते असं. देऊळ सापडलं, बघून झालं. परत येताना गल्लीत ही भिंतीला टेकली आणि सिस्टरबाईंना म्हणाली, "तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं, "गोळी घेतली होती का?" हिला सांगता येईना. रुमाल नाही, जवळ पैसा नाही. समोर मिठाईचं दुकान होतं. तिथं सुपारीएवढी संत्री पाकात घालून विकतात. सिस्टरबाई आत शिरल्या आणि हात पसरला. भाषा कोणाला येत होती? दुकानदारानं अख्खी बरणी दिली. त्यांनी बोटानं पाक हिच्या तोंडात घातला. ही तशातही तोंड मिटून घेत होती, उपवास म्हणून. त्यांनी नर्सच्या हातानं जबडा धरून उघडला. ही जरा भानावर आली, पण पाय उचलेना. तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि जी पहिली गाडी आली ती अडवली.

डॉक्टरांनी हिला तपासून झोपवलं. मी बाहेर आलो. सिस्टरबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. बूट काढून बाजूला ठेवलेले. पाय सुजलेले. इतक्या म्हाताऱ्या त्या मला कधीच दिसल्या नव्हत्या.

म्हटलं, "सिस्टरबाई, तुमचा शनिवार मोडला."

"तिचाही मोडला," त्या म्हणाल्या. "मारुतीला तुम्ही समजवा, माझं मी बघते."

सुजलेलं पाऊल दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "शनिवार दर आठवड्याला येतो, भाऊ. वैनी काय दर आठवड्याला येणार आहे? जीव वाचत असेल तर गाडीत बसायचं. आमच्यात तसंच आहे. वाचत असेल तर बसायलाच हवं."

"आणि नसेल वाचत तर?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग घाई कसली," म्हणाल्या, आणि बुटात पाय घालायला लागल्या.

त्यानंतरच्या बंदरात मी टूरची तिकिटं परत केली नाहीत. एवढ्यानं माझी भीती कुठं जाणार? पण ही शेवटपर्यंत सांगायची कॉर्फूचंच. मठाचं नाही, माल्टाचं नाही. त्या गल्ल्यांमधे वाळत घातलेले कपडे, देवळातला थंडगार काळोख, टेम्पोवाला गात होता ते गाणं. "मरायला टेकले होते," असं सांगताना हिचे डोळे चमकायचे. मी उठून दुसऱ्या खोलीत जायचो.

सिस्टरबाईही आता नाहीत. शेवटी लंडनला भाचीकडे होत्या. त्यांच्यात उशीर करत नाहीत, मला कळून ट्रेन धरेपर्यंत माती देऊन झाली होती. शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी पुढची बुटकी भिंत पाडून गाडी लावायला जागा केली. चांगली माणसं आहेत. मला त्यांच्या दाराकडे बघवत नाही.

पण मला त्या आठवतात त्या एकाच दिवसाच्या.

क्रूझला दोनेक वर्षं झाली असतील. हिच्या किडन्या गेल्या होत्या. हॉस्पिटल आमच्या गल्लीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. शुक्रवारी दुपारी सिस्टरबाई येऊन गेल्या. त्यांनी हिच्या पांघरुणात हात घालून पावलं गार पडलीत का ते चाचपलं, आधी एक, मग दुसरं. हिच्या केसांवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "जेवून घ्या, भाऊ." दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं म्हणून निघाल्या. मी विचारलं, "उद्या याल?" त्या म्हणाल्या, "येते की."

शनिवारी सकाळी ही डोळे उघडेना. लेक कार्डिफहून निघाली होती. डॉक्टर काहीतरी सांगून गेले. शब्द इंग्रजी होते, मी मान हलवली. हिच्या पलंगाशेजारी मोठी खिडकी, तिथून खालचा रस्ता दिसायचा, लांबपर्यंत. मी हिचा हात धरून त्या खिडकीशी बसलो.

आणि माझ्या मनानं एकच धरलं. सिस्टरबाई येणार म्हणाल्यात. त्यांनी पावलं बघितलीत, त्यांना कळतं. त्या गाडीतून आल्या तर अजून काहीतरी आहे. टॅक्सीतून येऊ देत, भाजीच्या टेम्पोतून येऊ देत, अॅम्ब्युलन्समधून येऊ देत. मी दरवाजाशी थांबणारी एकेक गाडी बघत होतो. दार उघडलं की बूट बघायचो. तोंडानं मी पुटपुटत होतो, गाडीतून या, बाई, गाडीतून या.

गाड्या येत होत्या, जात होत्या.

मग रस्त्याच्या पार टोकाला, फुटपाथवर, एक छत्री दिसली. पावसातून सावकाश येणारी. शहर ओलांडून आलेलं माणूस चालतं तशी. मध्येच एक बस त्यांच्या शेजारून पुढं गेली, त्यांनी वळूनही बघितलं नाही.

गेटाशी त्या थांबल्या. छत्री खांद्याला टेकवली, तिथल्या कठड्यावर एक पाय ठेवला, नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसरा पाय.

मी हिचा हात दोन्ही हातांत घेतला.